शिडीवरून दोनदा पडलेला माणूस

माझ्या ताईला हॉस्पिटलात सगळे पेन्सिलबाई म्हणतात. पाठीमागे, बरं का. तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे? आमच्या हृदयरोगाच्या हॉस्पिटलात ती एकोणतीस वर्षं ग्रंथपाल आहे आणि मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वॉर्डची सिस्टर. ती तोलूनमापून बोलणारी, मी तोंडाळ. आई म्हणायची, सगळी सबुरी थोरलीने घेतली आणि उरलेला संताप धाकटीच्या वाट्याला आला. खोटं नाही ते. म्हणून तर ही हकिगत मी सांगतेय. ताईवर सोपवली असती तर तिने तीन ओळींत उरकली असती, आणि चौथ्या ओळीत स्वतःचीच चूक काढून दाखवली असती.

तिचं ग्रंथालय तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी. लिफ्ट वरखाली झाली की कपाटांच्या काचा थरथरतात. ‘ग्रंथालय’ या पाटीचा रंग उडून ‘ग्रं’ तेवढं उरलं होतं. आत एक लांब टेबल, दोन कॉम्प्युटर, एक खिडकी, आणि खिडकीपाशी ताईची खुर्ची. तिथे बसून बाई गेली कितीतरी वर्षं जे काम करत आली ते आमच्या वॉर्डातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मलासुद्धा धड ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, बसली असेल पुस्तकांवरची धूळ झटकत!

काम असं होतं. समजा, हृदयाची एखादी गोळी आहे. एका अभ्यासात तीनशे रुग्ण, दुसऱ्यात हजार. एक म्हणतो गोळीचा फायदा होतो, दुसरा म्हणतो कसला आलाय फायदा. डॉक्टरने ऐकायचं कोणाचं? मग त्या गोळीवरचे जगभरातले सगळे अभ्यास शोधायचे, गाळायचे, उरलेल्यांची मोट बांधायची आणि सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढायचं. याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. शेवटी एक चित्र निघतं. मधोमध उभी रेघ, प्रत्येक अभ्यासाची एक आडवी काडी, आणि सगळ्यात खाली पत्त्यांतल्या चौकटीसारखा एक आकार. ती चौकट म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर. ती रेघेपासून सुटी राहिली तर गोळीचा गुण खरा धरायचा. रेघेला शिवली तर अजून काही सांगता येत नाही, असं कबूल करायचं.

आमचे साहेब, म्हणजे हृदयविभागाचे प्रमुख, हे काम करत आणि त्यावरून हॉस्पिटलची नियमावली ठरत. कोणत्या रुग्णाला कोणती गोळी, किती दिवस. साहेबांची पद्धत कडक होती, ते मान्य करायलाच हवं. प्रत्येक शोधनिबंध दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. पहिल्या वाचकाचा फॉर्म गुलाबी, दुसऱ्याचा पिवळा. दोन्ही बंद पाकिटांत. शुक्रवारी दुपारी पाकिटं फोडायची, आणि आकडे जुळले तरच ताई ते शाईने रजिस्टरात उतरवणार. तोवर सगळं पेन्सिलने. म्हणून पेन्सिलबाई. पहिला वाचक म्हणजे विभागातल्या डॉक्टरीणबाई, हुशार आणि कायम घाईत. दुसरा वाचक ताई. शेवटी दोघींची सही झाल्याशिवाय कागद नियमावली समितीपुढे जात नसे.

आता घरचं सांगते, कारण घरचं आणि हॉस्पिटलचं या गोष्टीत एकमेकांत अडकलंय.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवतात. वय एकाहत्तर. हात अजून असा की ब्रश टेकवला की अक्षर सरळच येतं. या सगळ्याच्या दहा महिने आधी एका सकाळी चहा पिता पिता कप हातातून गळला आणि ते टेबलावर डोकं ठेवून पडले. हार्ट अटॅक. आमच्याच हॉस्पिटलात स्टेंट बसवला. त्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. एक जन्मभराची, दुसरी वर्षभराची. वर्षाने दुसरी बंद करायची, हा आमचा जुना नियम.

ते वर्ष जसं संपत आलं तशी ताई झुरायला लागली. मला म्हणाली, “ती दुसरी गोळी आहे म्हणून मला झोप लागते गं. ती बंद झाली की मी रोज सकाळी त्यांच्या कपाकडे बघत बसणार.”

दुसरीकडे भावोजी रडकुंडीला आले होते. हिरड्यांतून रक्त, हातांवर काळेनिळे डाग. दाढी करताना जरासं कापलं तर टॉवेल खराब. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे शिडी! रक्त पातळ असलेला माणूस डोक्यावर पडला तर आत रक्तस्राव होतो, म्हणून ताईने त्यांची शिडी मागच्या गॅलरीत जाळीला साखळीने बांधून कुलूप ठोकलं होतं. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये.

“पाट्या काय जमिनीवर लावतात का?” भावोजी माझ्यापुढे गाऱ्हाणं घालत. “सांग तुझ्या बहिणीला. धट्टाकट्टा माणूस घरात बांधून घातलाय!”

“शिडी बांधलीय, तुम्हाला नाही,” ताई आतून म्हणायची.

त्याच सुमाराला साहेबांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. ती दुसरी गोळी वर्षाने थांबवायची की तीन वर्षं द्यायची? दहा अभ्यास मिळाले होते. चौकट रेघेला जेमतेम चिकटलेली. साहेब वैतागले होते. आणि मग अकरावा अभ्यास आला. ताजा, आठशे चाळीस रुग्णांचा. कच्चा हिशेब करून पाहिला तर चौकट टुणकन रेघेच्या पलीकडे! तीन वर्षं गोळी घ्या, अटॅक कमी. साहेबांनी डॉक्टरीणबाईंना शाबासकी दिली आणि पुढच्या गुरुवारची समितीची बैठक लावून मोकळे झाले. उरलं होतं फक्त ताईचं पिवळं पाकीट आणि सही.

ताई किती खुश झाली म्हणून सांगू! त्या बुधवारी ती चक्क लिफ्टने वर वॉर्डात आली. एकोणतीस वर्षांत चार वेळा आली असेल. माझा हात धरून म्हणाली, “तीन वर्षं. तीन वर्षं मिळतील त्यांना.” डोळ्यांत पाणी होतं. मीही रडले. माझं काय, मी कशावरही रडते.

गुरुवारी तिने तो अकरावा निबंध वाचायला घेतला. शुक्रवारी पाकिटं फोडायची वेळ झाली तेव्हा तिचं पाकीट तयार नव्हतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. “सोमवारी देते,” म्हणाली आणि पर्स उचलून घरी गेली.

रविवारी मी तिच्याकडे गेले तर बाई चूपचाप बसलेली. भावोजी खिडकीशी रंगाचे डबे पुसत होते, उगाच, हाताला काम म्हणून. मी विचारलं, काय झालं? मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने पर्समधून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“हे वाच.”

एक होता अकराव्या निबंधाचा, दुसरा जुना, रजिस्टरातला चौथा. चौथा वेगळ्या शहराचा, वेगळ्या डॉक्टरांचा, सहाशे बारा रुग्णांचा. दोन्हीकडे खालच्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर तिने पेन्सिलने खूण केली होती. उपचाराशी संबंध नसलेले मृत्यू. त्यात लिहिलं होतं: एक रुग्ण, पुरुष, वय शहात्तर, दोनशे बाराव्या दिवशी शिडीवरून पडून मृत्यू.

दोन्हीकडे तेच. शहात्तर. दोनशे बारा. शिडी.

“योगायोग असेल,” मी म्हणाले. म्हणजे असं म्हणायचं म्हणून म्हणाले.

“मी चौथा निबंध सात महिन्यांपूर्वी वाचला,” ताई म्हणाली. “बाकीचं सगळं विसरले. हा शिडीवाला डोक्यात राहिला, कारण त्याच आठवड्यात मी ते कुलूप आणलं होतं. परवा तो परत भेटला. एक माणूस दोनदा मरतो का?”

आता मला उमगलं. अकराव्या अभ्यासात चौथ्या अभ्यासाचेच सहाशे बारा रुग्ण होते, वर आणखी थोडे घातलेले. नाव वेगळं, गाव वेगळं, संख्या वेगळी, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आमची पद्धतच अशी की प्रत्येक निबंध दोघांनी तपासायचा. पण दोन निबंध शेजारी शेजारी ठेवून कोण बघतं? कोणीच नाही! एकेक कागद चोख, आणि बेरीज खोटी. तेच रुग्ण दोनदा मोजले म्हणून चौकट रेघेवरून सुटली होती.

“म्हणजे तीन वर्षं नाहीत,” मी म्हणाले.

ताईने मान हलवली. मग म्हणाली, “मला ते खरं असायला हवं होतं गं. शुक्रवारी पाकीट दिलं नाही ना, ते शंका होती म्हणून नाही. शंका गुरुवारीच फिटली होती. मला दोन दिवस ते खरं ठेवायचं होतं, एवढंच.”

आपलेच दात, आपलेच ओठ. सही केली असती तर नवऱ्याला हवी ती गोळी मिळत होती, साहेब खुश, डॉक्टरीणबाई खुश, आणि त्या शिडीवाल्याला कोण विचारायला येणार होतं? मी स्पष्टच म्हणाले, “ताई, करून टाक सही. कोणाला कळणार आहे?” हो, म्हणाले मी असं. मला लाज वाटते, पण म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी तिच्या कंपासपेटीतल्या पट्टीचं टोक मोडलं होतं तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. “तुझ्या वॉर्डात किती म्हातारी माणसं आहेत?” एवढंच विचारलं. बावीस खाटा, त्यातली चौदा माणसं सत्तरीपुढची.

सोमवारी तिने साहेबांना आणि डॉक्टरीणबाईंना ते दोन कागद दाखवले, आणि निबंध लिहिणाऱ्या डॉक्टरांना ई-मेल धाडून सरळ विचारलं: तुमचे रुग्ण तेच आहेत का? डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. साहेबांचा चढला.

“दोन शहरं, दोन लेखक, संख्या वेगळी,” साहेब म्हणाले. “एका शिडीवरून तुम्ही आठशे चाळीस रुग्ण फेकून देणार? शिडीवरून माणसं पडतच असतात.”

“दोनशे बाराव्याच दिवशी?” ताईने विचारलं.

“बैठक गुरुवारी आहे. सही करा.”

“नाही करत.”

साहेबांशी असं बोलायचं! साहेब वाईट माणूस नव्हेत. रुग्णासाठी चोवीस तास उभा राहणारा माणूस. पण स्वतःच्या नाकाखालची चूक दुसऱ्याने दाखवली की भल्याभल्यांचं पित्त खवळतं. डॉक्टरीणबाई नंतर ताईपाशी येऊन हळूच म्हणाल्या, “बाई, तुमचं बरोबर असेलही. पण उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि तोवर सही करायची. नंतर दुरुस्ती करता येते की.”

“दुरुस्ती कागदावर होते,” ताई म्हणाली. “गोळी तोवर पोटात गेलेली असते.”

गुरुवार आला. उत्तर आलं नव्हतं. समितीत मी वॉर्डच्या वतीने बसते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. लांब टेबल, अकरा माणसं, भिंतीवर मोठं चित्र, आणि खाली ती चौकट, रेघेपासून सुटी, ऐटीत. साहेबांनी सगळं सांगितलं. छान सांगितलं. मग म्हणाले, “दुसऱ्या वाचकाची सही बाकी आहे. ती एक औपचारिकता आहे.”

ताई दाराजवळच्या खुर्चीवर होती. उठली. हातात तेच दोन कागद. “औपचारिकता असती तर मी केली असती,” म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही. तिने शिडीवाल्याची गोष्ट सांगितली. दोन मिनिटांत.

मग साहेब म्हणाले, आणि हे मी त्यांना कधी विसरू देणार नाही, “बाई, तुमचे यजमान हीच गोळी घेतात, नाही का? त्यांना त्रास होतो, हे सगळ्या विभागाला माहीत आहे. घरचा त्रास इथे आणू नका. आणि तुम्ही ग्रंथपाल आहात, हृदयरोगतज्ज्ञ नाही.”

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार तेवढ्यात ताईने माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. बस, म्हणजे खाली बस. मी बसले.

“साहेब,” ती म्हणाली, “घरचं आणलंत म्हणून सांगते. मला ती गोळी चालूच राहायला हवी आहे. तीन काय, तीस वर्षं. तुमचं हे चित्र खरं ठरलं तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. आणि हृदयातलं मला काही कळत नाही, अगदी खरं. मोजायचं तेवढं कळतं. माणूस एकदाच मोजायचा असतो. तुम्हीच शिकवलंत मला ते, याच टेबलावर.”

ती पुढे म्हणाली, “सही हवी असेल तर दुसरा वाचक नेमा. फक्त त्याला हे दोन्ही कागद शेजारी शेजारी द्या. त्यानंतर तो सही करत असेल तर करू दे.” कागद टेबलावर ठेवले आणि दार ओढून बाहेर गेली. दार आपटलं नाही. मी असते तर बिजागरी निखळवली असती.

साहेबांनी पंधरा दिवसांनी बैठक ठेवली. कारण लिहिलं, ‘वेळेअभावी’. वेळेअभावी म्हणे! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

ते पंधरा दिवस ताईचे कसे गेले ते मला ठाऊक. कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसेना. ज्यांना तिने रात्रंदिवस संदर्भ शोधून दिले तेही नजर चुकवायला लागले. एकाने तर मला ऐकू येईल असं म्हटलं, पेन्सिलबाईंना टोक जरा जास्तच आलंय. मी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. त्यातले दोन इथे लिहिण्यासारखे नाहीत.

उत्तर आलं नवव्या दिवशी, दुपारी. ताईने मला फोन केला. “खाली ये.” बस्स. मी जिन्याने धावत गेले. ती कॉम्प्युटरपुढे बसली होती, हात मांडीवर.

त्या परक्या डॉक्टरांनी भलेपणाने लिहिलं होतं. होय, पहिले सहाशे बारा रुग्ण तेच आहेत. पुढे दुसऱ्या शहरातलं हॉस्पिटल जोडलं गेलं आणि दोनशे अठ्ठावीस नवे आले. निबंधाच्या अगदी शेवटच्या पुरवणीत तसं लिहिलंही आहे, पण ती पुरवणी वेगळी मागवावी लागते. आजवर कोणी मागवली नव्हती.

“जिंकलीस!” मी ओरडले. ताईने बोट खालच्या परिच्छेदावर ठेवलं.

तिने त्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता, आम्हाला कोणालाच न सांगता. तो शिडीवाला कोणत्या गटात होता, आणि मेला कशाने? त्याचं उत्तर असं होतं: तो दोन्ही गोळ्या घेत होता. घरात दिवा बदलायला शिडीवर चढला होता. तिसऱ्या पायरीवरून पडला. पडल्यावर स्वतः उठून बसला, घरच्यांशी बोलला. चौथ्या दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. त्यांच्या अभ्यासाच्या समितीने तो मृत्यू अपघातात धरला, कारण सुरुवात पडण्याने झाली होती.

“तिसरी पायरी,” ताई म्हणाली. तिने टेबलाच्या कडेवर हाताने उंची दाखवली. जमिनीपासून गुडघ्याच्या थोडं वर. “एवढ्यावरून पडून मी असते तर गुडघा चोळत उठले असते. आणि यांनी त्याला लिहिलं, उपचाराशी संबंध नाही.”

मग ती रडली. एकोणतीस वर्षांत त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा. अनोळखी, कुठल्यातरी देशातला, दिवा बदलायला चढलेला म्हातारा. त्याच्यासाठी ती रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. लिफ्ट वर गेली, काचा थरथरल्या.

हिशेब पुन्हा झाला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बसून केला, चौथा निबंध काढून टाकून. चौकट रेघेवर परत आली. आणि सत्तरीपुढच्या रुग्णांचा वेगळा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की तीन वर्षं गोळी घेणाऱ्यांत मोठा रक्तस्राव स्पष्टपणे जास्त. समितीने जुना नियम कायम ठेवला: दुसरी गोळी वर्षाने बंद; सत्तरीपुढच्यांना त्यानंतर द्यायची तर एकेका रुग्णाचा विचार करून, कारण लिहून. ताईने सही केली. शाईने.

साहेबांनी माफी मागितली का? छे! छापून आलेल्या निबंधात शेवटी एक ओळ आहे: ‘ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे आभार.’ कर्मचाऱ्यांचे! त्या ग्रंथालयात ताईशिवाय फक्त पंखा आहे. मी तो कागद फाडायला निघाले तर ताईने हातातून काढून घेतला आणि फाइलला लावला. “आकडे बरोबर आहेत ना?” म्हणाली. “मग झालं.”

महिन्याने भावोजींचं वर्ष पूर्ण झालं. साहेबांनीच तपासलं, हिरड्या पाहिल्या, हातांवरचे डाग पाहिले आणि दुसरी गोळी थांबवली. त्या संध्याकाळी मी ताईकडे होते. तिने उरलेली पाकिटं एका डबीत घातली, डबी कपाटात ठेवली, परत काढली, पिशवीत घालून हॉस्पिटलच्या औषधालयात द्यायला ठेवली.

भावोजींनी विचारलं, “भीती वाटते?”

“वाटते,” ताई म्हणाली. “उद्या सकाळी तुमच्या कपाकडे बघणार आहे. परवाही. सवय करून घ्या.”

“बघ की. पण मग ते कुलूप?”

ताईने उत्तर दिलं नाही. दोन महिने दिलं नाही. हिरड्यांतलं रक्त थांबलं, डाग गेले, तरी ती पर्स छातीशी धरून फिरायची.

आणि मग एका सकाळी मी ड्यूटीवर आले तर तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, शिडी! वर भावोजी, पांढरा सदरा, हातात ब्रश. खाली ताई, दोन्ही हातांनी शिडी गच्च धरून. ‘ग्रंथालय’ ही अक्षरं नवी कोरी, निळी. आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत एक ओळ येत होती. मी थांबून वाचली.

‘येथे माणूस एकदाच मोजला जातो.’

मी हसले ते हसलेच. तेवढ्यात साहेब लिफ्टमधून बाहेर आले. थबकले. वाचलं. कान लाल झाले.

“हे कोणी मंजूर केलं?”

“तुम्हीच, साहेब,” ताई म्हणाली. शिडी सोडली नाही, मानही वळवली नाही. “ग्रंथालयाची पाटी नव्याने रंगवणे, असा अर्ज होता. तुम्ही सही केलीत. मजकूर खाली जोडला होता. दुसरा वाचक नेमला नव्हतात.”

दोन नर्सेस, एक वॉर्डबॉय, एक रुग्णाची सून, सगळे उभे. साहेब पाटीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली घसरली, भावोजींच्या पायांवर, आणि तिथून ताईच्या हातांवर.

“नीट धरा,” एवढंच म्हणाले, आणि वॉर्डकडे निघून गेले.

“धरलीय,” ताई म्हणाली, त्यांची पाठ वळल्यावर.

भावोजींनी शेवटचं अक्षर संपवलं आणि वरून विचारलं, सरळ आलंय का? मी ताईकडे पाहिलं. ती पाटीकडे बघतच नव्हती. भावोजी तिसऱ्या पायरीवर उभे होते, आणि तिच्या बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती.